मुक्या बर्नार्डोचे हात : ॲलेक्स टॉथचा झोरो

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी,

झोरो म्हटलं की सिनेमे आठवतात, क्वचित कुणाला ती जुनी टीव्ही मालिका. कॉमिक्समधल्या झोरोबद्दल मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही. मी ऑफसेट छपाईच्या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे आणि ॲलेक्स टॉथ या अमेरिकन चित्रकाराच्या झोरो कॉमिक्सचं हे पुस्तक मी गोष्टीसाठी नाही, काळ्या शाईसाठी उघडलं होतं. आता तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर राहवलं नाही म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे नवीन वाचकांची पंचाईत नको. झोरोला जन्म दिला जॉन्स्टन मॅककली या अमेरिकन लेखकाने, १९१९ साली, 'ऑल-स्टोरी वीकली' नावाच्या स्वस्त साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीत. स्पॅनिश अमलाखालचा कॅलिफोर्निया, डॉन दिएगो वेगा नावाचा ऐदी, पुस्तकी, तलवारीच्या नावानेच थकणारा श्रीमंत तरुण, आणि तोच रात्री मुखवटा चढवून जुलमी अधिकाऱ्यांना धडा शिकवणारा झोरो. स्पॅनिशमध्ये झोरो म्हणजे कोल्हा. गंमत अशी, की मूळ कथेतल्या झोरोची कफनी जांभळी आहे. डग्लस फेअरबँक्सचा १९२० चा मूकपट आला आणि त्यानंतर आपल्या ओळखीचा पूर्ण काळा वेश रुजला. मॅककलीनेही पुढच्या कथांमध्ये तो उचलला.

कॉमिक्समध्ये झोरो आला डेल कंपनीच्या 'फोर कलर' मालिकेतून, १९४९ मध्ये, २२८ व्या अंकात. ही 'फोर कलर' वेगळीच चीज होती. दर अंकात वेगळा नायक, अंकांचे आकडे मात्र सलग. एकूण तेराशेच्या वर अंक निघाले. त्यामुळे झोरोवरच्या अंकावर ८८२ आकडा दिसला म्हणून दचकू नका, झोरोचे ८८१ अंक आधी आलेले नाहीत. ८८२ हा मात्र महत्त्वाचा. १९५७ मध्ये डिस्नेची टीव्ही मालिका सुरू झाली, गाय विल्यम्स झोरो झाला, आणि तिच्यावर बेतलेली कॉमिक्स १९५८ पासून निघू लागली. ती काढायला बसला ॲलेक्स टॉथ, वय वर्षं २९.

आता मुद्द्यावर येतो.

हे अंक दहा सेंटला विकले जायचे. न्यूजप्रिंटसारखा शाई पिणारा कागद, मोठमोठ्या ठिपक्यांचे रंग. असल्या छपाईत रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं, हलणारच. लाल रंग ओठांवरून गालावर सरकतो, पिवळा खिडकीबाहेर सांडतो. आमच्या मशीनवर असं झालं तर गिऱ्हाईक गठ्ठा परत पाठवतं. टॉथने यावर जो उपाय काढला तो मला छापणारा म्हणून थक्क करतो. त्याने चित्राचा सगळा भार काळ्यावर टाकला. रात्र म्हणजे सॉलिड काळा. झोरोची कफनी सॉलिड काळी. दोन्ही एकमेकांत मिसळतात, मधली रेघच तो काढत नाही. दिसते फक्त तलवारीची पांढरी रेष, हाताचा पंजा, हॅटच्या कडेखालचा हनुवटीचा तुकडा. बाकीचा माणूस वाचणाऱ्याने मनात पुरा करायचा. रंग कितीही घसरू दे, चित्र हलत नाही. पुढे १९८८ मध्ये इक्लिप्स प्रकाशनाने या कथा रंग काढून दोन खंडांत छापल्या, त्यासाठी टॉथने स्वतः करड्या छटा चढवल्या. रंगाशिवायही पान कसं उभं राहतं, ते त्यात नीट दिसतं.

पण मी तिसऱ्यांदा वाचलं ते काळ्यासाठी नाही. बर्नार्डोसाठी.

बर्नार्डो हा दिएगोचा नोकर, तो मुका. डिस्नेच्या मालिकेत तो ऐकू येत नसल्याचं सोंगही करतो, म्हणजे शत्रू त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात आणि तो सगळं दिएगोला सांगतो. कसा सांगतो? हातांनी. टीव्हीवर जीन शेल्डन हा नट ते करायचा. कॉमिकमध्ये मात्र पंचाईत बघा. कॉमिकमधली माणसं फुग्यांतून बोलतात. बर्नार्डोला फुगा नाही. जे सांगायचं ते चित्रकारालाच सांगावं लागणार.

आणि टॉथची तक्रार नेमकी उलट होती. त्याच्या हातात टीव्हीच्या संहिता पडायच्या, शब्दांनी गच्च भरलेल्या. जे चित्रात दिसतंय तेच फुग्यात पुन्हा. मजकूर कापू द्या म्हणून त्याने संपादकांना विनवलं, ते झालं नाही. ही पानं उघडलीत तर फुग्यांची ती गर्दी दिसेल, चित्रं अक्षरशः अंग चोरून उभी असतात. मग बर्नार्डो येतो आणि चौकटीत एकदम मोकळी हवा खेळते. हात, खांदे, मान, भुवया. टॉथला जे सगळ्या पुस्तकभर करायचं होतं ते तिथे करता आलं, असं मला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच : झोरोच्या कॉमिकचा जीव तलवारीत नाही, न बोलता सांगण्यात आहे. बर्नार्डो बोलू शकत नाही, दिएगो खरं बोलू शकत नाही, झोरो चेहरा दाखवू शकत नाही. तिघांनाही अंगानेच बोलावं लागतं. तुमचं मत सांगा.

---

कॉमिकवेडा७९

वा! कितीतरी दिवसांनी कॉमिक्सवर धड धागा आला.

माझं बालपण इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर गेलं. १९६४ पासून ती निघत होती, माझ्या वाट्याला आले ते मोठ्या भावाचे, पाठपुठ्ठा गेलेले अंक. तुमचं लिहिणं वाचून एक गोष्ट डोक्यात आली. वेताळाच्या मुखवट्यात डोळे नाहीत! म्हणजे भोकं आहेत, पण बुबुळं काढलेली नाहीत, नुसती पांढरी जागा. लहानपणी त्याचीच भीती वाटायची आणि त्याचाच आधारही. तो माणूस नाहीच, चालतं भूत आहे, हे त्या पांढऱ्या जागेमुळे पटायचं. बॅटमॅनचंही तेच.

झोरोचे डोळे मात्र दिसतात. मुखवटा म्हणजे काळी पट्टी. त्यामुळे तो मिश्कील हसू शकतो, डोळा मारू शकतो. भूत नाही, बहुरूपी आहे. आमच्या गावात बहुरूपी यायचे, पोलिसाच्या वेशात दारात उभे राहून दरडावायचे, आई आतून सूप घेऊन येईपर्यंत आम्ही खरंच घाबरलेलो असायचो. पण डोळ्यांत बघितलं की कळायचं. झोरोचं तसं आहे.

बॅटमॅनवरून आठवलं, त्याच्या निर्मात्यांनी झोरोचं ऋण मान्य केलेलं आहे. दिवसा बेफिकीर धनाढ्य, रात्री मुखवटा, घराखाली गुहा. फ्रँक मिलरच्या १९८६ च्या 'डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये तर आईवडिलांचा खून होतो त्या रात्री लहानगा ब्रूस झोरोचाच सिनेमा बघून परतत असतो.

---

सेबरवाली

मी शाळा-कॉलेजात तलवारबाजी खेळले, सेबर प्रकारात, राज्य स्पर्धेपर्यंत. तेव्हा तलवारीबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मागते.

सिनेमातल्या तलवारबाजीत पात्यावर पातं आपटतं. प्रेक्षकांना खणखणाट हवा असतो. खऱ्या खेळात पात्याला पातं लागणं हा किरकोळ भाग, सगळी लढाई पायांत आणि अंतरात असते. आमचे सर सांगायचे, हाताकडे बघू नका, पुढच्या गुडघ्याकडे बघा, हात खोटं बोलतो, गुडघा बोलत नाही.

धागा वाचून एका मित्राकडून टॉथचा खंड आणला. इतरांच्या कॉमिक्समध्ये झोरो लढताना छाती पुढे, दोन्ही पाय ताठ, तलवार डोक्यावर. असा उभा राहिलात तर पहिल्या सेकंदाला गुण गेला. टॉथच्या झोरोचं वजन पायांवर आहे. कफनी मागे राहते, अंग पुढे गेलेलं असतं, त्यामुळे माणूस कुठून कुठे गेला ते एका चित्रात कळतं. मालिकेत फ्रेड केव्हन्स नावाचे तलवारबाजीचे जाणते उस्ताद होते, गाय विल्यम्सला त्यांनीच घडवलं. पण चित्रात हे आपोआप उतरत नाही, काढणाऱ्याला अंग समजावं लागतं.

शाईचा_डाग, तुमच्याशी एका बाबतीत सहमत नाही. जीव तलवारीत नाही म्हणता, पण तलवार हेही न बोलता सांगणंच आहे. आमच्या खेळात दोघी समोरासमोर आल्या की पहिल्या दोन हालचालींत समोरची रागात आहे, घाबरली आहे की घरी जायची घाई आहे, सगळं कळतं.

---

शाईचा_डाग

@सेबरवाली, मान्य. गुडघ्याचं वाक्य लिहून ठेवलंय. वाक्य बदलतो : जीव खणखणाटात नाही.

@कॉमिकवेडा७९, डोळ्यांचं मला सुचलंच नव्हतं. म्हणजे वेताळाचा मुखवटा माणूस पुसतो आणि झोरोचा मुखवटा माणसाला मोकळा करतो. दिएगोच्या उघड्या चेहऱ्यावर जे हसू कधीच येऊ शकत नाही ते मुखवट्याखाली येतं.

---

गोदाकाठ

लेख आवडला, पण मला या नायकाबद्दलच एक अडचण आहे आणि ती मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही.

झोरो गरिबांचा कैवारी म्हणवतो. पण तो कोण? हजारो एकरांच्या हासिएंडाच्या, म्हणजे जमीनदारीच्या, मालकाचा मुलगा. त्याचा राग कुणावर? वाईट कमांडंटवर. तो गेला, चांगला आला, की गावात पुन्हा गिटार वाजायला लागते. ती जमीन कुणाची होती, तिच्यावर राबत कोण होतं, हे या गोष्टींत येत नाही. कॅलिफोर्नियात १७६९ पासून १८२३ पर्यंत स्पॅनिश पाद्र्यांनी २१ मिशनं, म्हणजे धर्मप्रसाराच्या वसाहती, उभारली. तिथल्या मूळ रहिवाशांना आणून राबवलं, पळून गेले तर शिपाई पाठवून पकडून आणलं, फटके दिले. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं किड्यामुंगीसारखी मेली. लॉस एंजेलिस १७८१ मध्ये वसलं, त्यानंतर चारच वर्षांनी, १७८५ मध्ये, जवळच्या सॅन गॅब्रिएल मिशनवर तिथल्या टोंग्वा आदिवासींनी उठाव केला. त्यात पुढे होती तोयपुरिना नावाची तरुण वैदू बाई. उठाव फसला, तिला पकडून खटला चालवला आणि आपल्या मुलखातून दूर उत्तरेला धाडलं. मुखवटा न घालता लढलेली ती खरी बाई. तिच्या नावाने किती कॉमिक्स निघाली?

टॉथ थोर चित्रकार असेल, पण त्याने काढलेल्या त्या सुंदर पांढऱ्या कमानी कुणी बांधल्या, हे पान उलटताना मनातून जात नाही.

---

शाईचा_डाग

@गोदाकाठ, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि १९५८ च्या अंकांत याचं उत्तर नाही. ती मालिका मुलांसाठी होती, वगैरे म्हणून सुटका करून घेणार नाही. तिथले मूळ रहिवासी टॉथच्या पानांवर असून नसल्यासारखे आहेत.

पण पुढच्या लोकांनी हा प्रश्न उचलला, हेही सांगतो. इसाबेल आयेंदे या चिलियन लेखिकेची झोरोवरची कादंबरी २००५ मध्ये आली. तिच्यात दिएगोची आई शोशोनी या आदिवासी जमातीतली योद्धा आहे आणि तिचं नाव आहे तोयपुर्निया! ऐतिहासिक तोयपुरिनेवरूनच ते आलंय हे उघड आहे. बर्नार्डोही त्यात आदिवासी आहे, दिएगोचा दूधभाऊ. आईवर झालेला अत्याचार आणि तिचा खून डोळ्यांदेखत बघितल्यापासून त्याने बोलणं सोडलं. म्हणजे तो मुका जन्मला नाही, त्याला मुकं केलं गेलं. याच कादंबरीच्या आधारे मॅट वॅगनरने २००८ पासून डायनामाइट प्रकाशनासाठी झोरोची नवी कॉमिक मालिका लिहिली, वीस अंक. सुरुवातीच्या अंकांची चित्रं फ्रांचेस्को फ्रांकाविला या इटालियन चित्रकाराची. त्याचा काळा टॉथच्या वळणाचा आहे, पण त्यावर जाळासारखा केशरी आणि लाल येतो.

तो बर्नार्डो वाचल्यावर मी जुने अंक पुन्हा उघडले आणि ते हात मला वेगळे दिसले. चित्रं तीच, पण आता तो गप्प का आहे हा प्रश्न त्यांच्यामागे उभा राहतो.

---

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षं कॅलिफोर्नियात आहे. मॅककलीच्या मूळ कादंबरीच्या नावात कापिस्त्रानो आहे, ते सॅन हुआन कापिस्त्रानो गाव आमच्यापासून गाडीने तासाभरावर. मिशन १७७६ चं. तिथे दगडी चर्चचे अवशेष आहेत. डिसेंबर १८१२ मध्ये प्रार्थना चालू असताना भूकंप झाला, छत कोसळलं, चाळीसेक माणसं गेली. त्यांतली बहुतेक मिशनमधलीच आदिवासी माणसं. ते चर्च पुन्हा बांधलंच नाही. दुपारी उभं राहिलं की अर्धवट घुमटाची सावली जमिनीवर पडते, कडा अगदी कापल्यासारखी. इथल्या उन्हात दमटपणा नाही. कोकणात सावलीची कड पाण्यासारखी हलते, इथे ती रेघ असते.

म्हणून सांगतो, टॉथचा तो काळा-पांढरा नुसता छपाईचा उपाय नाही. तो तेव्हा इथेच राहायचा. बाहेर जे ऊन दिसत होतं तेच त्याने काढलं.

मालिकेचं सुरुवातीचं काही चित्रीकरण सॅन लुईस रे मिशनमध्ये झालं होतं. तिथेही जाऊन आलो. अंगण, कमानी, पायऱ्या. माझ्या मुलाने लगेच काठी शोधली.

---

गोदाकाठ

@दूरदेशी, चर्चमधल्या माणसांबद्दल लिहिलंत, बरं केलंत.

---

हळदीकुंकू_नको

मस्त धागा, पण सगळी मंडळी पुरुषच का? झोरोच्या कॉमिक्समध्ये लेडी रॉहाइड नावाची मुखवटेधारी तलवारबाज बाई आहे ना? ती कशी आहे?

---

कॉमिकवेडा७९

आहे. टॉप्स कंपनीने १९९३-९४ मध्ये काढलेल्या झोरो मालिकेतली. लेखक डॉन मॅकग्रेगर, चित्रं माइक मेह्यू. तिची स्वतःची मालिकाही निघाली. मॅकग्रेगरचं झोरोवर मनापासून प्रेम, नंतर टॉम यीट्सबरोबर त्याने वर्तमानपत्रातली झोरोची चित्रपट्टीही चालवली. लेडी रॉहाइडची गोष्ट वाईट नाही, भावाचा सूड घ्यायला निघालेली बाई आहे. पण पोशाख नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्सचा आहे. झोरो नखशिखान्त झाकलेला आणि ती जवळजवळ उघडी, घोड्यावर, काटेरी झुडपांतून. मला ते खटकतं.

---

सेबरवाली

खटकायलाच हवं. आम्ही स्पर्धेत जॅकेटच्या आत आणखी एक संरक्षक कपडा घालतो आणि तरी दंडावर वळ उठायचे.

---

अनुताई

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात आम्ही खुणांनीच बोलतो, मी सहा वर्षांची असल्यापासून. म्हणून बर्नार्डोवरचं सगळं दोनदा वाचलं.

एक गोष्ट बोचली. शाईचा_डाग, तुम्ही लिहिलंत की मालिकेतला बर्नार्डो बहिरेपणाचं सोंग करतो. मॅककलीच्या मूळ कथेत तो खरोखरच मूक-बधिर आहे ना? म्हणजे टीव्हीवर येताना त्याला ऐकू यायला लागलं आणि बहिरेपण ही युक्ती झाली. माझ्या भावाच्या पाठीमागे लोक किती वेळा म्हणाले आहेत, 'याला सगळं ऐकू येतं, नाटक करतो.' एका बँकेत तर तोंडावर. त्यामुळे बहिऱ्याचं सोंग हा गमतीचा भाग म्हणून मला वाचताच येत नाही.

दुसरं, जीन शेल्डन टीव्हीवर करायचा तो मूकाभिनय. मी यूट्यूबवर बघितला. हातवारे सुंदर आहेत, पण ती खुणांची भाषा नव्हे. भाषेला व्याकरण असतं. झोरो सांगायला तो हवेत बोटाने झेड काढतो, ती मात्र अगदी आमच्यासारखी खूण. आमच्यात माणसाला नावाची खूण अशीच पडते, त्याच्या एखाद्या ठळक गोष्टीवरून.

तरीही पुस्तक मागवलं आहे. हात कसे काढलेत ते भावाला बघायचंय.

---

शाईचा_डाग

@अनुताई, तुमचं बरोबर आहे. मूळ कथेत बर्नार्डो मूक-बधिरच आहे. सोंगामुळे गोष्ट पुढे सरकते म्हणून मी ते सहज लिहून गेलो, त्याची दुसरी बाजू मला दिसली नव्हती. बँकेतलं वाचून वाईट वाटलं.

भाऊ काय म्हणाला ते नक्की लिहा.

---

गवती_चहा

धाग्यामुळे उत्सुकता वाढलीय. एकदम नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी? आणि हल्लीचं काही आहे का?

---

शाईचा_डाग

टॉथपासूनच करा. हर्मीस प्रेसने त्याच्या डेलमधल्या कथा रंगीत छापल्या आहेत, पण करड्या छटांचा खंड मिळाला तर तो घ्या. मग वॅगनर-फ्रांकाविला. हल्लीचं म्हणाल तर शॉन मर्फीचं 'मॅन ऑफ द डेड', २०२४, चारच अंक. आजच्या मेक्सिकोत घडतं. लहानपणी बापाचा खून बघितलेला दिएगो आपण खरंच झोरो आहोत असं मानतो आणि ड्रग्जच्या टोळीसमोर तलवार घेऊन उभा राहतो. बहीण त्याच टोळीसाठी काम करते. सुरुवातीला हे फार ओढूनताणून वाटलं. पण मुखवटा घातला नाही तर तो माणूस उभाच राहू शकत नाही, ते मर्फीने मनापासून लिहिलंय. मला रडू आलं.

---

अनुताई

तीन आठवड्यांनी लिहितेय. पुस्तक आलं. एक कोपरा दुमडलेला होता, पण परत पाठवायला भाऊ तयार नाही.

त्याने काय केलं सांगते. त्याला इंग्रजी वाचता येतं, पण पहिल्याच पानावर इतके फुगे बघून वैतागला. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि पानागणिक फुगे झाकत गेला. पहिली गोष्ट सगळी अशीच वाचली, नुसती चित्रं. मग मला समोर बसवून खुणांनी सांगितली. दिएगो सांगताना खांदे पाडायचा, झोरो सांगताना मान सरळ. कमांडंटला त्याने नाव ठेवलं, दाढीच्या टोकाला चिमूट.

मग पट्ट्या काढल्या आणि आम्ही दोघांनी फुगे वाचले. तीन ठिकाणी त्याचा अंदाज चुकला होता. तिन्ही ठिकाणी लोक उभे राहून नुसते बोलत होते. बर्नार्डो ज्या चौकटींत आहे, तिथे एकदाही नाही.